इजिप्तला एकच चेहरा कधीच नव्हता

सध्या एक मजकूर जोरात फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: प्राचीन इजिप्शियन झाडून सगळे काळ्या वर्णाचे होते, 'केमेत' या नावाचा अर्थच 'काळ्या लोकांचा देश', आजचे इजिप्शियन म्हणजे सातव्या शतकात आलेले अरब, आणि हे लपवायला युरोपीयांनी पुतळ्यांची नाकं फोडली. त्याला उत्तर म्हणून दुसरा मजकूर येतो: २०१७च्या डीएनए अभ्यासानं ते गोरे असल्याचं सिद्ध झालं. दोन्हींची चूक एकच आहे. तीन हजार वर्षं आणि सुमारे १२०० किलोमीटरची नदी त्यांनी एकाच चेहऱ्यात कोंबली आहे.

आधी नकाशा बघा. नाईल दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते, म्हणून 'वरचा इजिप्त' दक्षिणेला आणि 'खालचा' उत्तरेला, त्रिभुज प्रदेशात. असवान २४ अंश अक्षांशावर आहे, अलेक्झांड्रिया ३१ वर. असवानच्या पलीकडे नूबिया, म्हणजे आजच्या उत्तर सुदानकडचा प्रदेश, त्रिभुज प्रदेशाच्या पूर्वेला सिनाई आणि पुढे पॅलेस्टाइन. दोन्ही टोकांना शेजारी वेगळे, ऊन वेगळं, सोयरिकी वेगळ्या. त्यामुळे रंग, केस, नाक-डोळे नदीच्या कडेकडेनं हळूहळू बदलत जातात. कुठेही रेघ मारून 'इथून काळे, इथून गोरे' म्हणता येत नाही. तेव्हाही येत नव्हतं.

'केमेत म्हणजे काळ्यांचा देश.' हा काळा रंग मातीचा आहे. पूर ओसरला की नाईलकाठी जो काळा गाळ उरे, त्यावरून हे नाव पडलं. पलीकडच्या वाळवंटाला 'देश्रेत', म्हणजे लाल भूमी म्हणत. त्यावरून तिथली माणसं लाल होती असं कोणी म्हणत नाही. देशाचं नाव लिहिताना शेवटी वर्तुळातल्या चौरस्त्याची खूण येते, ती गावांच्या आणि प्रदेशांच्या नावांना लागते. शेतजमिनीला 'काळी' आणि गावठाणाला 'पांढरी' म्हणणाऱ्या मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगायची गरज पडू नये.

'चित्रांत रंग स्पष्ट दिसतो.' दिसतो, पण तो वाचायचा कसा हे आधी शिकावं लागतं. मेदूमला १८७१ साली सापडलेले राहोतेप आणि नोफ्रेत या जोडप्याचे पुतळे घ्या. चौथ्या राजवंशातले, आज कैरोत आहेत. नवरा गेरूसारखा तांबूस, बायको फिकट पिवडीसारखी. एकाच घरातली, शेजारी शेजारी बसलेली माणसं. पुरुष गेरूनं, बाई पिवळ्या रंगानं, हा शतकानुशतकं चाललेला संकेत होता. देवांचे आणि मृतांचे रंग तर आणखी निराळे. मृतांचा देव ओसायरिस कधी काळा, कधी हिरवा, कारण काळा रंग गाळाचा आणि पुनर्जन्माचा. दुसरा मेंतुहोतेप या राजाचा काळ्या अंगाचा, लाल मुकुटाचा बैठा पुतळा याच अर्थानं रंगवलेला आहे. त्यावरून त्याच्या कातडीची छटा ठरवणं म्हणजे विठ्ठलाच्या मूर्तीवरून वारकऱ्यांचा वर्ण ठरवणं.

तरीही चित्रं मुकी नाहीत. अस्यूतच्या मेसेहती या अधिकाऱ्याच्या थडग्यात लाकडी सैनिकांची दोन पथकं मिळाली, सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची. एका फळीवर ढाल-भाला घेतलेले ४० इजिप्शियन, दुसरीवर ४० नूबियन तिरंदाज, दोन्हीकडे चार-चारच्या दहा रांगा. इजिप्शियन तांबूस-तपकिरी, नूबियन त्यांहून गडद. कमरेची वस्त्रं वेगळी, हत्यारं वेगळी. म्हणजे इजिप्शियन स्वतःला दक्षिणेच्या शेजाऱ्यांपासून वेगळं दाखवत. पहिला सेती या राजाच्या थडग्यात तर चार लोकसमूह आहेत: स्वतः इजिप्शियन, नूबियन, पूर्वेचे आशियाई आणि पश्चिमेचे लिबियन. लिबियन गोरे, आशियाई पिवळसर. या रांगेत इजिप्शियन माणूस काळाही नाही, गोराही नाही. पण हाही संकेतच: लाखो माणसांसाठी एकच डबी उघडलेली.

म्हणून फोटो पुढे पाठवण्याआधी चार गोष्टी तपासा: वस्तू कुठल्या गावची, कुठल्या राजवंशाची, माणसाची की देवाची, आणि रंग मूळचा की नंतर लावलेला. यांपैकी एक जरी उत्तर मिळालं नाही तर त्या फोटोवरून काही ठरत नाही. ममीच्या कातडीवरून तर मुळीच नाही. नॅट्रॉन या खारानं अंगातलं पाणी शोषलं जातं, वरून ओतलेल्या राळेनं कातडी काळी पडते. केसांना मेंदीही लावत, त्यामुळे केसांचा रंगही फसवा.

'नाकं युरोपीयांनी फोडली.' नाक हा पुतळ्याचा पुढे आलेला, सगळ्यात आधी तुटणारा भाग. शिवाय नाक तोडलं की मूर्तीचा श्वास बंद होतो, या समजुतीनं प्राचीन काळीच ती मुद्दाम फोडली जात. ग्रीक-रोमन काळातल्या चेहऱ्यांचीही नाकं गेली आहेत. स्फिंक्सच्या नाकाचं खापर नेपोलियनवर फोडतात, पण तो १७९८ साली पोचला. नॉर्डेन या डॅनिश प्रवाशानं १७३७ साली काढलेल्या चित्रात नाक आधीच गायब आहे.

'डीएनएनं गोरे ठरवले.' त्या अभ्यासातल्या ममी अबुसिर अल-मेलेक या एकाच ठिकाणच्या, फय्यूमजवळच्या. ९० मायटोकाँड्रियल जीनोम (फक्त आईकडून येणारा डीएनए), आणि संपूर्ण जीनोमभर माहिती मिळाली ती फक्त तिघांची. ते पश्चिम आशियाई लोकांना जवळचे निघाले. कातडी गोरी होती असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. दक्षिणेचे लोक नूबियाला जास्त जवळचे असू शकतात, हे संशोधकांनीच लिहून ठेवलंय. कवट्यांच्या मापांतही हीच गफलत होते. हॉवेल्स या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाच्या प्रसिद्ध संग्रहात 'इजिप्त' म्हणून जी मापं आहेत, ती गिझाची, २६ ते ३०व्या राजवंशांतली. उत्तरेची आणि उशिराची. नकादासारख्या दक्षिणेच्या, त्याहून कितीतरी जुन्या कवट्या नूबियाकडे झुकतात.

'आजचे सगळे अरब.' इथे तोच २०१७चा अभ्यास या दाव्याच्या विरोधात जातो. आजच्या इजिप्शियनांत त्या ममींपेक्षा सहाराच्या दक्षिणेकडचा वाटा सुमारे आठ टक्क्यांनी जास्त आढळला. अरबांनी जुनी प्रजा पुसून टाकली असती तर बदल अरबस्तानाच्या दिशेनं दिसायला हवा होता. ६३९ ते ६४२ मध्ये अम्र इब्न अल-आसनं देश जिंकला, पण भाषा आणि धर्म बदलायला पुढे शतकं लागली. शेतकरी तेच राहिले.

आजही त्रिभुज प्रदेशातला शेतकरी, मिन्याचा सईदी (वरच्या इजिप्तचा), सिवाचा अमाझिग (बर्बर), लाल समुद्राकडचा अबाब्दा जमातीचा माणूस आणि असवानचा नूबियन एका रांगेत उभे केले तर पाच चेहरे दिसतील, पाचही इजिप्शियन. मात्र आजचा चेहरा दाखवून 'इथले मूळ हेच' म्हणतानाही जपून. असवानच्या मोठ्या धरणासाठी १९६३-६४ मध्ये सुमारे ५० हजार नूबियनांना कोम ओम्बोजवळ हलवलं गेलं. तिथे फोटो काढलेल्या आजोबांचं मूळ गाव त्या धरणाच्या नासेर सरोवराच्या पाण्याखाली आहे.