"एकदाच डीएनए टेस्ट करा" या फॉरवर्डला उत्तर

सध्या फॅमिली ग्रुपवर हा मेसेज जोरात फिरतोय: एकदाच लाळेची डीएनए टेस्ट करा, आयुष्यभराचे आजार आधीच कळतात, बाकी ट्रोपोनिन (हार्टसाठी), सीए-125 (ओव्हरीच्या कॅन्सरसाठी) वगैरे रक्तातल्या प्रोटीनच्या टेस्ट म्हणजे लॅबवाल्यांची लूट. खाली डिस्काउंटची लिंक पण आहे बरं का.

"सगळं डीएनएत असतं." बरं, मग रात्री छातीत दुखतंय, दरदरून घाम फुटलाय, अशा माणसाचा डीएनए काय सांगणार, तो तर दहा वर्षांपूर्वी पण हाच होता! हार्टच्या स्नायूला इजा झाली की त्यातलं ट्रोपोनिन रक्तात उतरतं, ते मोजतात, आणि बऱ्याचदा एक ते तीन तासांनी परत मोजतात, कारण किडनीच्या पेशंटमध्ये ते एरवीही वाढलेलं असू शकतं, त्यामुळे आकडा चढतोय की तिथेच आहे ते बघावं लागतं. ईसीजी नॉर्मल दिसत असताना ॲटॅक पकडणारी टेस्ट आहे ही, तिला लूट म्हणणं म्हणजे लोकांच्या जिवाशी खेळ आहे.

"प्रिसिजन मेडिसिन म्हणजे जीन बघून औषध." नुसते जीन नाही, पेशंटला नेमकं औषध निवडायला प्रोटीनही बघतात. घरात कुणाचा ब्रेस्ट कॅन्सरचा बायोप्सी रिपोर्ट असेल तर काढून बघा, त्यात ईआर, पीआर, हर-टू अशा ओळी दिसतील, तिन्ही प्रोटीनच आहेत. गाठीच्या तुकड्याचा पातळ काप स्लाइडवर घेऊन त्यावर अँटिबॉडी टाकतात, हर-टू भरपूर असेल तर पेशींच्या कडा गडद ब्राऊन होतात आणि त्यावरून 0 ते 3+ स्कोअर देतात. 3+ म्हणजे पॉझिटिव्ह, मग ट्रॅस्टुझुमॅब या हर-टूवरच्या औषधाचा विचार होतो, जे अमेरिकेत 1998 मध्ये मंजूर झालं. 2+ आला तर सहसा फिश टेस्ट करतात आणि ती मात्र जीनच्या कॉपीच मोजते, पण गाठीतल्या पेशींमधल्या! तुम्ही कुरिअरने पाठवलेल्या लाळेत ते दिसणारच नाही.

सीए-125 बद्दल मात्र मेसेज अर्धा बरोबर आहे. पाळी, एंडोमेट्रिऑसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढणं), पोटाचा टीबी, कशानेही ते वाढतं, आणि ब्रिटनमध्ये 2 लाखांवर बायकांच्या अभ्यासात साधारण निम्म्या जणींची वर्षानुवर्षं तपासणी करूनही ओव्हरीच्या कॅन्सरचे मृत्यू काही कमी झाले नाहीत, हे 2021 ला समोर आलं. त्यामुळे काही त्रास नसताना पॅकेजमध्ये ती घालणाऱ्यांना जरूर विचारा, कशासाठी म्हणून. ट्रीटमेंट चालू असलेल्या बाईला डॉक्टरांनी सांगितली असेल तर गोष्ट वेगळी, ती टाळू नका.

"प्रोटीनवर नवीन काही होत नाही" हे तर धादांत खोटं. 2014 मध्ये मानवी प्रोटीनचा जो नकाशा आला, 17,294 जीन्सची प्रोटीन त्यात सापडली, त्यात बंगळुरूची इन्स्टिट्यूट ऑफ बायोइन्फॉर्मॅटिक्स होती. मे 2025 मध्ये अमेरिकेत अल्झायमरसाठी रक्ताची टेस्ट मंजूर झाली, ती रक्तातल्या पी-टाऊ217 आणि अमायलॉइड या दोन प्रोटीनचं एकमेकांशी प्रमाण बघते, पण विसरण्याची लक्षणं असलेल्या 55 च्या पुढच्या लोकांसाठीच, आणि तीही स्पेशालिस्टकडे, त्यामुळे चावी कुठे ठेवली आठवेना म्हणून कुणी लगेच लॅबला फोन लावू नका.