‘चौथ्या दिवशी एकही पिल्लू जिवंत नव्हतं’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार.

तुमचा अभिप्राय मी काल रात्री वाचला आणि आज सकाळी आमच्याकडची नोंदवही समोर ठेवून पुन्हा वाचला. इतर वाचणाऱ्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात मांडते. तुम्ही आमच्याकडून घरातल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी ऑसेलारिस क्लाउनफिश या केशरी-पांढऱ्या समुद्री माशांची जोडी, दोन पेपरमिंट श्रिम्प (लहान समुद्री कोळंबी) आणि सहा गोगलगाई नेल्या. पाच महिने माशांनी काहीच केलं नाही. मग अंडी दिली, ती दोनदा नराने खाल्ली. तिसऱ्या खेपेची अंडी टिकली तेव्हा तुम्ही परत येऊन रोटिफरची, म्हणजे पिल्लांना खायला घालायच्या जिवंत सूक्ष्म जीवांची, अर्ध्या लिटरची बाटली नेलीत. पिल्लं निघाली आणि चौथ्या दिवशी सकाळी सगळी तळाशी पडलेली होती. श्रिम्प ‘जोडी’ म्हणून दिले, पण दोघांच्याही पोटाखाली अंडी दिसतात, म्हणजे दोन माद्या गळ्यात मारल्या. गोगलगाई दोन दिवसांत गेल्या. आणि घरातल्या छोट्या टाकीत समुद्री माशांची पैदास होते हे सांगणं ही निव्वळ विक्रीची थाप आहे.

पिल्लं मेली त्याची जबाबदारी आमची आहे. बाकीच्या मुद्द्यांवर मला वेगळं सांगायचंय, पण हे आधी.

तुम्ही बाटली न्यायला आलात तेव्हा अंडी घालून चार दिवस झाले होते. टाकीतलं पाणी २६-२७ अंश असेल तर ऑसेलारिसची अंडी साधारण सात-आठ दिवसांत फुटतात. म्हणजे तुमच्या हातात तीन-चार दिवस होते. त्या बाटलीत मिलिलिटरमागे शंभरेक रोटिफर असतात, म्हणजे एकूण ५०,००० च्या आसपास. पिल्लांसाठी तुम्ही २० लिटरची टाकी लावली होती. पिल्लाला फार न पोहता तोंडासमोर खाणं मिळायचं असेल तर पाण्यात मिलिलिटरमागे ५ ते १० रोटिफर लागतात. २० लिटर म्हणजे २०,००० मिलिलिटर. दहाच्या हिशेबाने दोन लाख रोटिफर, आणि खाऊन संपतील तसे रोज पुन्हा. आमच्या बाटलीत त्याचा चौथा हिस्सा होता. ती बाटली म्हणजे बियाणं होतं आणि आम्ही ते पीक असल्यासारखं तुमच्या हातात दिलं. ‘पुरेल का?’ असं तुम्ही विचारलंत आणि काउंटरवरून ‘पुरेल’ असं उत्तर गेलं. ते चूक होतं. रोटिफर अंडी फुटायच्या निदान दोन आठवडे आधी वाढवायला घ्यावे लागतात, रोज हिरवं शैवाल देऊन, म्हणजे रोज काढून घेतले तरी मागे उरतात. हे बाटलीवर लिहिलेलं नव्हतं. कालपासून लिहायला घेतलंय.

दुसरी चूक मला जास्त लागली. तिसऱ्या दिवशी पिल्लं निस्तेज दिसली म्हणून तुम्ही फोन केलात आणि आमच्याकडून तुम्हाला कोरडं खाद्य बारीक कुटून टाकायला सांगितलं गेलं. मी चौकशी केली, तसंच सांगितलं गेलं होतं. या वयाचं पिल्लू समोर हलणारं, जिवंत भक्ष्य बघून झडप घालतं. तरंगणारी पूड त्याच्या लेखी खाणंच नव्हे. ती तळाशी बसते, कुजते आणि पाण्यात विषारी अमोनिया वाढवते. २० लिटरच्या नव्या टाकीत अमोनियाचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू अजून बसलेले नसतात. पिल्लं पोटातल्या बलकाच्या जोरावर फार तर दोन दिवस काढतात. तुमची आधी उपाशी होती आणि त्यात पाणी बिघडलं. चौथा दिवस उगाच आला नाही.

तुम्ही लिहिलंय की पिल्लं एका कोपऱ्यात गोळा होऊन काचेवर डोकं आपटत होती. हा रोग नव्हे. ही पिल्लं उजेडाकडे ओढली जातात. काच चारी बाजूंनी उघडी आणि दिवा प्रखर असेल तर जिकडून उजेड येतो तिकडे ती जाऊन धडकत राहतात. टाकीच्या बाजूंना काळा कागद लावायचा, दिवा वरून आणि मंद ठेवायचा. अगदी अंधारही चालत नाही, कारण ती डोळ्यांनी बघून शिकार करतात. पाण्यात शैवाल घालून फिकट हिरवी झाक आणली की उजेड पसरतो, रोटिफरना खायला मिळतं आणि थोडाफार अमोनियाही शैवाल शोषून घेतं. स्वच्छ पाण्यात सोडलेला रोटिफर काही तासांत उपाशी होतो आणि उपाशी रोटिफर खाऊन पिल्लाला काहीच मिळत नाही. नव्या माणसाला असं गढूळ पाणी बघून धास्ती वाटते आणि तो ते बदलून टाकतो. तुम्हीही बदललंत. तुम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं.

आता जोडीबद्दल. ‘दोन्ही लहान नर देऊन जोडी म्हटलं’ हा तुमचा राग मला समजतो, पण यात फसवणूक नाही. क्लाउनफिशचं पिल्लू जन्मतः नरही नसतं, मादीही नसतं. गटात सगळ्यांत मोठा आणि वरचढ असतो तो मादी होतो, त्याच्या खालोखालचा नर, बाकीचे तसेच थांबून राहतात. मादी गेली तर नर तिची जागा घेतो आणि मादी बनतो. उलट प्रवास होत नाही. हान्स आणि सिमोन फ्रिके या संशोधकांनी १९७७ मध्ये हा लिंगबदल शास्त्रीय निबंधात मांडला. म्हणून आकारात फरक असलेले दोन लहान मासे एकत्र सोडले की बहुतेक वेळा जोडी जमते, फक्त तिला महिने लागतात, कधी वर्षही. तुमचे मासे पाच महिन्यांत अंड्यांवर आले हे खरं तर लवकर आहे. आमचं चुकलं ते फलकावर. ‘जोडी’ एवढंच लिहिलेलं होतं. ‘जमलेली, अजून अंडी न दिलेली’ असं लिहायला हवं होतं, म्हणजे पाच महिने तुम्ही मनात खट्टू झाला नसता.

अंडी खाण्याचं म्हणाल तर पहिल्या काही खेपांना नवखा नर तसं करतोच. तो अंड्यांना पंखांनी वारा घालतो, तोंडाने साफ करतो, मेलेली उचलून टाकतो, आणि हे काम हळूहळू बसतं. तिसऱ्या खेपेला त्याने सांभाळली, म्हणजे तुमचा नर आता शिकलाय.

पेपरमिंट श्रिम्पच्या बाबतीत मात्र तुम्हाला जे दिसलं तेच ती जोडी असल्याचं लक्षण आहे. हे प्राणी आधी नर म्हणून वाढतात आणि पुढे एकाच वेळी नर आणि मादी दोन्ही होतात. स्वतःची अंडी स्वतः फलित करता येत नाहीत, त्यामुळे दोन लागतात, पण कुठलेही दोन चालतात. एकाने कात टाकली की दुसरा नराचं काम करतो, पुढच्या वेळी उलट. म्हणून दोघांच्या पोटाखाली हिरवट अंडी. रात्री त्यातून सुटणारे बारीक जीव सकाळपर्यंत माशांच्या पोटात किंवा फिल्टरमध्ये जातात, आणि वेगळे काढले तरी त्यांना कितीतरी वेळा कात टाकत महिनाभर किंवा जास्त काढावा लागतो. ते अवघड आहे. घरात ते जगवण्याचं आश्वासन मी कोणालाच देत नाही. क्लीनर श्रिम्पच्या पिल्लांना तर अनेक महिने लागतात.

गोगलगाईंबद्दल तुम्ही ओघात लिहिलंय की वर्षापूर्वी माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर त्याच टाकीत तांब्याचं औषध घातलं होतं. तेच कारण असण्याचा संभव मला सगळ्यांत जास्त वाटतो. मासे सोसतात त्या प्रमाणातलं तांबं गोगलगाय आणि श्रिम्पला मारतं. खडकात आणि वाळूत मुरलेलं तांबं पुढे पाण्यात सुटत राहतं. तुमचे श्रिम्प दुसऱ्या टाकीत आहेत, म्हणून वाचले असावेत. तांब्याची तपासणी करून घ्या, आणि तोपर्यंत त्या टाकीत बिनकण्याचा कुठलाही जीव सोडू नका, आमच्याकडचाही नाही. विकताना ‘टाकीत कधी औषध घातलंय का’ हे विचारणं आमचं काम होतं.

‘छोट्या टाकीत होत नाही’ हे मात्र मी मान्य करणार नाही, कारण तुमच्याच टाकीत तीन वेळा झालंय. आईबाप ८० ते १०० लिटरमध्ये सुखाने राहतात. आधीच्या टाकीत काही आठवडे मुरवून ते जिवाणू बसलेला स्पंज, २० लिटरची उघडी टाकी, हीटर, हवेची नळी आणि पुरेसे रोटिफर, एवढ्यात हे घरी होतं. अंगावर आधी डोक्यामागचा पांढरा पट्टा उमटतो, मग पिल्लू तळाशी नाहीतर काचेलगत घुटमळायला लागतं. हे दहा-पंधरा दिवसांत होतं. त्या पंधरवड्यात माणसाला घर सोडता येत नाही, हेही खरेदीआधी सांगायला हवं.

तुम्हाला पुन्हा क्लाउनफिशची हिंमत होत नसेल तर बांगाई कार्डिनलफिश बघा. तो नर अंडी तोंडात धरतो, तीन-चार आठवडे जवळपास काही खात नाही, आणि बाहेर सोडतो ती आईबापांसारखीच दिसणारी छोटी पिल्लं, थोडी पण धडधाकट. त्यांना रोटिफर लागत नाहीत, नुकतं उबवलेलं आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले बारीक कोळंबीसारखे जीव) लगेच खातात. हा मासा मूळचा इंडोनेशियाच्या बांगाई बेटांभोवतीचाच, आणि २००७ पासून आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत तो धोक्यात आलेल्या जातींमध्ये आहे. समुद्रातून पकडून विकल्यामुळे त्याची ही वेळ आली. टाकीत जन्मलेला एकेक मासा समुद्रातल्या एकाला मोकळं ठेवतो, आणि आम्ही हा व्यवसाय करतो तो याच कारणासाठी. म्हणून तुमची पिल्लं गेल्याचं मला मनापासून वाईट वाटतंय.

आता भरपाई. बाटलीचे आणि गोगलगाईंचे पैसे तुम्हाला परत मिळतील. पण मला त्याहून पुढे जायचंय. तुमची जोडी एकदा लागली की दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा अंडी देते, म्हणजे पुढची खेप कदाचित आत्ताच टाकीत घातलेली असेल. या आठवड्यात मी दोन बादल्या वाढवलेले रोटिफर, शैवाल आणि मुरवलेला स्पंज तुमच्याकडे पाठवते, काही न घेता. मिलिलिटरभर पाणी ड्रॉपरमध्ये घेऊन, टॉर्चसमोर भिंगाने रोटिफर कसे मोजायचे ते व्हिडिओ कॉलवर दाखवते. आठव्या दिवसानंतर आर्टेमिया कसं सुरू करायचं तेही तेव्हाच. ते उबल्यावर काही तासांतच द्यावं लागतं, नाहीतर त्यातलं सत्त्व उरत नाही.

एवढं करा. अंडी केशरी असताना काही हलवू नका. त्यांत चांदीसारखे डोळे चमकायला लागले की फुटायची रात्र जवळ आली. संध्याकाळी फिल्टर बंद करा, दिवे घालवा, आणि दीड-दोन तासांनी एका कोपऱ्यात टॉर्च धरा. पिल्लं उजेडात गोळा होतील. ती जाळीने उचलू नका, अंग सोलतं. पेल्याने पाण्यासकट घ्या आणि अलगद सोडा. आणि डोळे चमकताना दिसले की त्याच संध्याकाळी मला कळवा, कितीही उशीर झाला तरी. त्या रात्री मी जागी असेन.