बालेकिल्ला म्हणे!

बॅटल रिव्हर–क्रोफूट. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतातला खेड्यापाड्यांचा मतदारसंघ. गहू, गुरं, तेलविहिरी, आणि ड्रमहेलरला डायनासोरची हाडं. ऑगस्ट २०२५ मध्ये इथल्या पोटनिवडणुकीला २१४ उमेदवार उभे राहिले म्हणून हे नाव जगभर झालं. काँझर्व्हेटिव्ह पक्षाचे नेते, तेव्हाचे विरोधी पक्षनेते पियेर पॉलिएव्ह एप्रिलमध्ये स्वतःच्या कार्ल्टनमधून पडले, मग इथल्या खासदाराने त्यांच्यासाठी जागा सोडली. सगळ्या बातम्यांत एकच शब्द: काँझर्व्हेटिव्हांचा बालेकिल्ला.

मला हा शब्दच पटत नाही.

हा मुलूख जुन्या अकेडिया आणि बॅटल रिव्हर मतदारसंघांचा. १९२१ मध्ये इथल्या शेतकऱ्यांनी दोन्ही जुने पक्ष बाजूला सारून आपल्याच संघटनेची माणसं दिल्लीला, आपलं, ओटावाला पाठवली. मग १९३० च्या दशकातला दुष्काळ. हॅनाच्या आसपास वरची माती वाऱ्याने उडून गेली, कुटुंबंच्या कुटुंबं जमिनी टाकून निघाली आणि शेवटी १९३८ मध्ये सरकारने कायदा करून तो भाग वेगळा आपल्या ताब्यात घेतला. त्याआधीच, १९३५ ला, लोकांनी स्वतःचा शेतकरी पक्षसुद्धा सोडला होता. सोशल क्रेडिट आला. १९५८ ला तोही गेला, काँझर्व्हेटिव्ह आले. १९९३ ला तेही गेले, रिफॉर्म आला (आजचा काँझर्व्हेटिव्ह पक्ष पुढे याच दोन प्रवाहांच्या विलीनीकरणातून झाला). चार वेळा अख्खं घर बदललंय या लोकांनी. याला बालेकिल्ला म्हणायचं?

पण पक्ष बदलायचा तो मतदाराने, खासदाराने नाही! जॅक हॉर्नर १९५८ पासून इथले काँझर्व्हेटिव्ह खासदार, लिबरलांवर तुटून पडणारा गडी. १९७७ मध्ये तेच ट्रूडो (थोरले) यांच्या लिबरल पक्षात गेले, मंत्रीही झाले. १९७९ मध्ये लोकांनी घरी बसवलं. आपल्याकडच्या ताज्या उदाहरणांवर मी बोलणार नाही, कमेंटमध्ये भांडणं नकोत.

नावाचं एक सांगायलाच हवं. क्रोफूट हा ब्लॅकफूट लोकांचा सरदार, १८७७ च्या तहावर सही करणारा. त्याच्या लोकांना आपला कायदेशीर दर्जा न सोडता केंद्रातल्या निवडणुकीत मत देता येऊ लागलं ते थेट १९६० मध्ये. आणि त्यानंतर काही वर्षांतच मतदारसंघाला त्याचं नाव!

आता ते २१४. बहुतेक जण बाहेरचे, निवडणूक पद्धत बदला म्हणून निषेध करायला उभे. मागणीत तथ्य असेलही, पण मला २०१९ चं निजामाबाद आठवलं. तिथे १८५ उमेदवार होते, त्यातले १७८ शेतकरी, हळदीच्या भावासाठी उभे राहिलेले, त्याच मातीतले. इथे दुसऱ्याच्या अंगणात येऊन घातलेला गोंधळ वाटला.

एवढी नावं मतपत्रिकेवर मावेनात, म्हणून आयोगाने कोरी ओळ दिली. मतदाराने पेन्सिलीने नाव लिहायचं, स्पेलिंग चुकलं तरी रोख कळला की मत ग्राह्य. पॉलिएव्ह हे आडनाव लिहिताना भलेभले अडखळतात. ८० टक्के लोकांनी ते हाताने लिहिलं.