हेवीचा अनुभव आणायचा कुठून?

निगडीच्या ट्रान्सपोर्ट नगरीत जा नाहीतर चाकणला, नव्या ट्रक ड्रायव्हरला पहिला प्रश्न ठरलेला: "हेवीचा, म्हणजे अवजड गाडीचा, अनुभव किती?" अहो, गाडी हातात दिल्याशिवाय अनुभव येणार कुठून? वयाची २० वर्षं पूर्ण, हलक्या गाडीचं लायसन्स वर्षभर जुनं, फॉर्म १-ए वर डॉक्टरचा दाखला, ड्रायव्हिंग स्कूलचं प्रमाणपत्र, मग हेवीच्या लायसन्सची टेस्ट. एवढं सगळं करून पोरगा गेटवरूनच परत.

मालकांची भीती खोटी नाही, हेही मान्य. स्कूलमध्ये रिकामा ट्रक सपाटीवर फिरवतात. भरलेली गाडी बोरघाटात उतरवायची तर उतार लागायच्या आधीच खालचा गिअर टाकायचा, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून गाडीचा वेग आवरणारा) लावायचा. पाय सारखा ब्रेकवर ठेवला की लायनर, म्हणजे ब्रेकच्या घासणाऱ्या पट्ट्या, तापतात आणि ऐन वळणावर ब्रेक धरत नाहीत. हे शिकवणार कोण? पूर्वी क्लीनर म्हणून चढलेला पोरगा उस्तादाशेजारी बसून शिकायचा. आता पगार वाचवायला बरेच जण क्लीनरच ठेवत नाहीत.

मग निदान महिनाभर जुन्या ड्रायव्हरसोबत बसवा, चाकण-तळेगाव लोकल फेऱ्या द्या, डॉकला (माल चढवायच्या फलाटाला) रिव्हर्स लावायला सांगून हात बघा. तेही करायचं नाही आणि वर "ड्रायव्हर मिळत नाहीत" म्हणून ओरडायचं!