सूत्राआधी प्रश्न

ठाण्यातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत नववी-दहावीला गणित शिकवताना माझे एक मत वर्षागणिक पक्के होत गेले आहे. सूत्र फळ्यावर लिहून त्याखाली उदाहरणे सोडवून घेण्याऐवजी, ज्यासाठी ते सूत्र लागते तो प्रश्नच मुलांच्या हाती आधी द्यायला हवा.

दहावीचे वर्गसमीकरणांचे प्रकरण मी असेच सुरू केले. कुंपणभिंतीला लागून रोपांसाठी आयताकृती जागा आखायची आहे, भिंतीची बाजू सोडून उरलेल्या तीन बाजूंसाठी ४० मीटर दोरी आहे, तर जास्तीत जास्त जागा किती मिळेल, एवढेच मी विचारले. बहुतेकांनी चौरस सांगितला. ठरावीक परिमितीत चौरसाचेच क्षेत्रफळ सर्वाधिक, हे त्यांना पाठ होते आणि भिंतीमुळे इथे चौथ्या बाजूला दोरी लागत नाही, याकडे त्यांचे लक्ष गेले नव्हते. मग वह्यांत तक्ते तयार झाले. भिंतीला काटकोनात असलेली बाजू ८ मीटर घेतल्यास १९२ चौरस मीटर, ९ घेतल्यास १९८, १० ला २००, ११ ला पुन्हा १९८ आणि १२ ला पुन्हा १९२. चौरसाला मात्र जेमतेम १७८. "बाई, आकडे उलटे परत येतात," असे मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले आणि माझ्या मते धडा तिथे सुरू झाला.

भिंतीला काटकोनातली बाजू क्ष मानली आणि क्षेत्रफळ १९२ हवे असेल, तर क्ष² − २०क्ष + ९६ = ० हे समीकरण मिळते आणि त्याची ८ व १२ ही दोन्ही उत्तरे जमिनीवर आखून दाखवता येतात. एरवी शाब्दिक उदाहरणांत "लांबी ऋण नसते" असे लिहून एक उत्तर खोडण्याची मुलांना इतकी सवय लागते, की दोन मुळे असण्याला काही अर्थ असू शकतो, हे त्यांना जाणवतच नाही. पुढे मी २०१ चौरस मीटर मागितले. विवेचक, म्हणजे समीकरणाला वास्तव उत्तरे आहेत की नाहीत हे सांगणारी संख्या, −२ आला; तो ऋण असला की वास्तव उत्तर नसते. आणि तक्त्यात २०० च्या वर काही का सापडत नव्हते, ते मुलांनीच मला समजावून सांगितले.

याला अडीच तास लागले. पोर्शन कसा संपणार, ही पालकांची चिंता मी खोटी मानत नाही. बोर्डाला बीजगणित आणि भूमितीचे प्रत्येकी ४० गुणांचे पेपर दोन-दोन तासांत सोडवायचे असतात आणि तिथे हात चालावाच लागतो. ज्या मुलाला अवयव पाडणेच जमत नाही, त्याला अशा प्रश्नासमोर एकटे सोडणे हा अन्याय आहे. त्याला आधी पायरी-पायरीने सोडवलेली उदाहरणे दाखवायला हवीत. म्हणून सरावसंच मी एकही गाळत नाही. परंतु २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने मुलाच्या विचाराचे गणितीकरण, म्हणजे मुलाने गणिती पद्धतीने विचार करायला शिकणे, हे गणितशिक्षणाचे मुख्य उद्दिष्ट मानले होते, आणि केवळ सरावसंच सोडवून ते साध्य झालेले मी पाहिलेले नाही.

जॉर्ज पोल्या या गणितज्ञांनी १९४५ मध्ये प्रश्न सोडवण्याचे चार टप्पे मांडले: प्रश्न समजून घेणे, योजना आखणे, ती अमलात आणणे आणि शेवटी उत्तराकडे मागे वळून पाहणे. आपल्या वर्गांत चौथा टप्पा जवळजवळ नसतोच, कारण उत्तराखाली दोन रेघा मारल्या की पुढचे उदाहरण सुरू होते. त्या दिवशी मी पाच मिनिटे मुद्दाम राखून ठेवली, तेव्हा एका मुलीने विचारले, की एका भिंतीऐवजी दोन भिंतींचा कोपरा वापरला तर? मी उत्तर सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी ती ४०० चौरस मीटरचा चौरस वहीत काढून घेऊन आली.