काळ्या जमिनीवर काँक्रीटची धावपट्टी: एका फिरत्या दाव्याला उत्तर

मॉडेल विमाने, म्हणजे जमिनीवरून रिमोटने चालवायची छोटी विमाने, उडवणाऱ्या मंडळींमध्ये सध्या एक मजकूर मोबाइलवरून फिरतो आहे. प्रत्येक क्लबाने वर्गणी काढून एकदाच काँक्रीटची किंवा डांबरी धावपट्टी करून घ्यावी, असा त्याचा आग्रह आहे. गवतावर उड्डाणाला दुप्पट अंतर लागते, लँडिंग गिअर मोडतात, पावसाळ्याचे चार महिने मैदान बंद पडते आणि पक्क्या पट्टीला मात्र पुढे देखभालच लागत नाही, ही कारणे त्यात दिली आहेत. आमचे मैदान पुण्याच्या पूर्वेकडच्या काळ्या जमिनीत आहे, तिथली पट्टी आम्ही दोनदा नव्याने केली आहे, आणि हा मजकूर वाचून आमच्याच काही सभासदांनी काँक्रीटचा विषय बैठकीत काढला. म्हणून त्यातला एकेक मुद्दा तपासून पाहणे मला गरजेचे वाटते.

सर्वांत घातक मुद्दा देखभालीचा आहे, कारण पैसे गोळा होतात ते त्याच्यावर विश्वास ठेवून. काळ्या जमिनीतली चिकणमाती पाणी प्याली की फुगते आणि सुकली की आकसते. वैशाखात हाताचा पंजा आत जाईल एवढ्या भेगा पडलेले रान आपण सर्वांनी पाहिले आहे. अशा जमिनीवर चार इंचांची फरशी ओतली, तर मधल्या भागाखालची ओल वर्षभर फारशी बदलत नाही, पण कडांखालची माती उन्हाळ्यात सुकून खाली बसते आणि पावसाळ्यात फुगून वर येते. त्यामुळे कडा मधल्या भागापेक्षा जास्त हलतात, फरशीला लांबीच्या दिशेने तडे जातात आणि सांधे वरखाली होतात. दुसऱ्या एका क्लबाच्या पक्क्या पट्टीवर मी माझे ट्रेनर, म्हणजे शिकण्यासाठीचे साधे मॉडेल, उतरवले, तेव्हा दोन फरश्यांच्या सांध्यात जेमतेम बोटाच्या पेराएवढी पायरी झालेली होती. पुढचे चाक तिथे अडले, ते ज्या चार मिलिमीटरच्या तारेवर बसवलेले असते ती मागे वाकली, प्रोपेलर जमिनीवर आपटला आणि इंजिन ज्या प्लायवुडवर बसवले होते ते गाभ्यापर्यंत चिरले. गवतात खड्डा पडला तर घमेलेभर पोयटा टाकून धुमसाने चोपला की काम होते, पण उचललेल्या फरशीला घासून काढण्याचे किंवा फोडण्याचे यंत्रच आणावे लागते.

हे टाळायचे तर काळी माती खणून काढायची, मुरमाचा जाड थर दाबायचा आणि मगच काँक्रीट ओतायचे, हा रीतसर मार्ग आहे. पण मग खर्चाचा हिशेब प्रामाणिकपणे मांडायला हवा. शंभर मीटर लांब, दहा मीटर रुंद आणि दहा सेंटिमीटर जाड पट्टी म्हणजे १०० घनमीटर काँक्रीट होते, आणि सिमेंट, वाळू आणि खडीच्या नेहमीच्या १:१.५:३ मिश्रणाला घनमीटरमागे साधारण आठ पोती धरली तर ८०० पोती नुसते सिमेंट लागते. यात खोदाई, मुरूम, खडी, वाळू आणि मजुरी धरलेली नाही. एवढी ताकद कोणासाठी हवी आहे, हेही विचारायला हवे. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे मॉडेल म्हणून गणल्या जाणाऱ्या विमानाचे एकूण वजन २५ किलोंपेक्षा जास्त असू शकत नाही, म्हणजे धावपट्टीवर येणारी सर्वांत जड वस्तू त्यावर चालणाऱ्या माणसापेक्षा हलकी असते. आपल्या पट्टीला भार पेलायचा नसतो, तिला फक्त सपाट आणि कोरडे राहायचे असते.

दुप्पट अंतराचा मुद्दा सरळ चुकीचा आहे. ब्रिटनच्या नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाने छोट्या विमानांच्या वैमानिकांसाठी काढलेल्या मार्गदर्शिकेत उड्डाणाचे अंतर कोरड्या गवतावर १.२ पट आणि ओल्या गवतावर १.३ पट धरायला सांगितले आहे. हे आकडे माणसे बसणाऱ्या विमानांचे आहेत, पण मॉडेलची स्थिती यापेक्षा फार वाईट असण्याचे कारण नाही, कारण वजनाच्या मानाने मॉडेलांची इंजिने बरीच जोरकस असतात. माझे ट्रेनर काँक्रीटवर पंधरा-सोळा पावलांत जमीन सोडते आणि कापलेल्या हरळीवर वीस पावलांत. उतरताना तर गवत आपल्या बाजूचे असते, कारण बहुतेक मॉडेलांना ब्रेक नसतात आणि काँक्रीटवर ती पट्टी संपली तरी पुढे घरंगळत राहतात.

लँडिंग गिअर मोडण्याच्या तक्रारीत मात्र तथ्य आहे. गवत वाढलेले असेल आणि चाके लहान असतील, तर पुढचे चाक अडकून विमान नाकावर येते. आम्ही गवताची उंची सर्वांत लहान चाकाच्या व्यासाच्या पाव भागावर जाऊ देत नाही, आणि हे पाळल्यापासून अशा मोडतोडी क्वचित होतात. बिनचाकी फोमची विमाने आणि ग्लायडर पोटावर उतरतात, ती गवतावर अलगद थांबतात, तर काँक्रीटवर त्यांचे पोट किसणीवर धरल्यासारखे दर वेळी झिजते. रुंदीचा विचार तर त्या मजकुरात नावालाही नाही. खर्च आवरण्यासाठी पक्की पट्टी हमखास अरुंद केली जाते, आणि बाजूचा वारा असताना नवशिक्याचे विमान तिच्या कडेवरून खाली उतरते, जिथे फरशी आणि माती यांच्यात पायरी असते. त्याच पैशांच्या लहानशा भागात तीस मीटर रुंद गवत राखता येते, आणि त्यावर थोडे तिरके, वाऱ्याला तोंड देऊन उतरता येते. शिकणाऱ्या मुलांसाठी मला ही रुंदी इतर कुठल्याही सोयीपेक्षा मोलाची वाटते.

पावसाळ्यात गवत बंद पडते, हे पाण्याचा निचरा नसलेल्या मैदानाविषयी खरे आहे. जे. आर. डी. टाटा १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, ते जुहूचे मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जात असे, आणि त्या महिन्यांत त्यांना आपली सेवा पुण्याला येरवड्याच्या तुरुंगाजवळच्या मैदानावर हलवावी लागे. तेही साधेच मैदान होते, फरक होता तो जागेचा आणि पाण्याचा. आमच्या पहिल्या पट्टीवर जुलैत घोट्याएवढे पाणी साचायचे. दुसऱ्या वेळी आम्ही मधोमध उंचवटा ठेवून दोन्ही बाजूंना पन्नासास एक उतार दिला, कडेने चर काढले, सहा इंच मुरूम पाणी मारून रोलरने दाबला आणि त्यावर वाळू मिसळलेल्या पोयट्याचा दोन इंचांचा थर देऊन जूनमध्ये हरळीच्या काड्या लावल्या. गणपतीला दूर्वा म्हणून वाहतो तीच ही हरळी. ती जमिनीलगत पसरते, धावत्या मुळांनी माती घट्ट धरते आणि उन्हाळ्यात पिवळी पडली तरी मुळाशी जिवंत राहते, म्हणूनच शेतकरी तिला वैतागतो आणि म्हणूनच ती आपल्या कामाची आहे. आता मोठा पाऊस उघडल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी उड्डाण सुरू होते. मेहनत आहेच: पावसाळ्यात दर आठवड्याला कापणी, वाफसा आल्यावर हलका रोलर, उंदरांची बिळे बुजवणे आणि ओल्या पट्टीवर गुरे येऊ नयेत म्हणून कुंपण.

एका ठिकाणी तो मजकूर बरोबर आहे, आणि ते मान्य केले पाहिजे. टर्बाइनवर, म्हणजे छोट्या जेट इंजिनावर, चालणाऱ्या मॉडेलांना गुळगुळीत, कठीण पृष्ठभाग लागतो. त्यांची चाके लहान असतात, वेग जास्त असतो आणि मार्चमधल्या वाळल्या गवताला त्यांच्या गरम झोताने आग लागू शकते. पण त्याच मजकुरातला डांबराचा पर्याय इथे नेमका गैरलागू आहे, कारण ही इंजिने केरोसिनवर चालतात आणि सांडलेले केरोसिन डांबर विरघळवते. ज्या क्लबात जेट उडवणारे सभासद बरेच आहेत, जमीन मुरमाड आहे आणि जागा स्वतःच्या मालकीची आहे, त्याने काँक्रीट जरूर करावे. भाडेपट्ट्याच्या शेतजमिनीवर मात्र अकृषिक वापराच्या परवानगीचा प्रश्न येतो, आणि करार संपल्यावर ती फरशी उखडून जमीन पूर्ववत करून देण्याचा खर्चही क्लबाच्याच डोक्यावर बसू शकतो.

आमच्या बैठकीत मी एवढेच मागितले आहे की वर्गणीचा आकडा ठरवण्याआधी मैदानात तीन ठिकाणी कमरेइतके खड्डे घेऊन खाली मुरूम किती खोल आहे ते पाहावे आणि ते पाण्याने भरून पाणी किती वेळात जिरते ते मोजावे. दोन कुदळी, एक टँकर आणि एक रविवार एवढेच त्याला लागेल.