म्हणे, अडीच फुटांवरून चुकला!

गोल्फच्या 2024 च्या यूएस ओपनचा विषय निघाला की मालवणात चहा पिता पिता कोणीतरी बोलणारच, ‘‘रोरी मॅकिलरॉय अडीच फुटांवरून चुकलो? आमचो झील डोळे मिटून घालतलो!’’ घालतलो? कुठे, कॅरमबोर्डावर?

अरे, स्पर्धा झाली त्या पाइनहर्स्ट नंबर दोन मैदानाच्या होलभोवतालच्या हिरवळी पालथ्या कढईसारख्या. मध्ये उंच, कडांना उतरत्या. होल सव्वाचार इंचांचं, चेंडू 1.68 इंचांचा. जरा जोरात मारला की कडेवरून फिरून बाहेर, हळू मारला की उतार त्याला होलच्या आधीच खाली ओढतो. रेष आणि वेग एकाच वेळी जुळायला हवेत! रोरी सोळाव्या होलवर अडीच फुटांवरून चुकला, अठराव्यावर पावणेचार फुटांवरून, आणि तो फटका तर उतारावरून वळणारा. तेही जेतेपद हातातून निसटत असताना.

आणि जिंकलेला ब्रायसन डिशॅम्बो काय तर ‘नशीबवान’! पंचावन्न यार्डांवरून बंकरमधला, म्हणजे वाळूच्या खड्ड्यातला फटका नशिबाने बसतो? होल जवळ असलं की चेंडूमागची वाळू उडवायची, चेंडू तिच्याबरोबर उचलला जातो. पण इतक्या लांबून वाळू चिमूटभर जास्त आली तर चेंडू अर्ध्या वाटेत, कमी आली तर थेट हिरवळीपलीकडे. चिवल्याच्या किनाऱ्यावर जाऊन बघा: ओहोटीच्या ओल्या वाळूत काठी ओढा, मग वरच्या भुसभुशीत वाळूत. हाताला फरक कळेल. डिशॅम्बोने चेंडू होलपासून चार फुटांच्या आसपास ठेवला, मग होलमध्ये घातला, एका फटक्याने जिंकला.

इतकं सगळं डोळ्यांसमोर घडूनही तुम्हाला फक्त अडीच फूटच दिसले?